फुकट गेलेला पाय

आमच्या वसाहतीच्या मागे मार्केट यार्डातील हमालांची एक वस्ती आहे. काही वर्षांपूर्वी तेथील एका हमालाचा एकोणीस वर्षांचा मुलगा पावसाळ्याच्या तोंडावर घराच्या पत्र्यावर ताडपत्री घालायला चढला आणि घसरून पडला. नडगीचे हाड मोडले. सरकारी इस्पितळात पायाला प्लास्टर घालण्यात आले. त्याच रात्री पाय असह्य ठणकू लागला. बोटे सुजली, बधिर झाली आणि पुढे काळवंडली. बाप दोन दिवस प्रत्येक पाळीच्या परिचारिकेला आणि भेटेल त्या डॉक्टरला सांगत राहिला. सगळेच घाईत होते. तिसऱ्या दिवशी प्लास्टर कापले तेव्हा आतल्या पायाचे रक्ताभिसरण केव्हाच थांबलेले होते. गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

त्या बापाला घेऊन मी एका परिचित वकिलांकडे गेलो. गृहस्थ सज्जन होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पावती आहे का?" हमालाने सदऱ्याच्या खिशातून घड्या पडून मऊ झालेला केसपेपर काढून पुढे ठेवला. तो पाहून वकील म्हणाले, "उपचार मोफत झाले म्हणजे ग्राहक न्यायालयात हे प्रकरण चालणार नाही. दिवाणी दावा लावावा लागेल." मग त्यांनी सरकारला द्यावयाची दोन महिन्यांची नोटीस, न्यायशुल्क, तज्ज्ञ डॉक्टरांची साक्ष आणि लागणारी वर्षे यांचा अंदाज सांगितला. जिना उतरताना हमाल एवढेच म्हणाला, "म्हणजे सर, पोराचा पाय फुकट गेला म्हणायचा."

'फुकट' हा शब्द त्याने कोणत्या अर्थाने वापरला हे त्याला विचारण्याची गरज नव्हती. ज्याला उपचार फुकट मिळाले त्याचा पायही फुकट गेला, असा आपल्या कायद्याचा व्यवहारातील निष्कर्ष त्याने एका शब्दात सांगितला होता. वैद्यकीय हलगर्जीपणामुळे झालेल्या इजेची भरपाई हा प्रश्न आपल्याकडे डॉक्टर आणि श्रीमंत रुग्ण यांच्यातील भांडण म्हणून पाहिला जातो. वर्तमानपत्रांत गाजतात ती प्रकरणेही बहुधा पंचतारांकित इस्पितळांतील असतात. वस्तुतः हा प्रश्न सर्वांत अधिक ज्यांचा आहे ते सरकारी इस्पितळाच्या रांगेत उभे आहेत. समाजवादी चळवळीने त्याकडे आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही, आणि त्यात मीही आलो, हे आरंभीच कबूल केले पाहिजे.

ग्राहक कोण?

१९८६ साली संसदेने ग्राहक संरक्षण कायदा केला. सामान्य माणसाला वकिलाशिवाय, अल्प खर्चात आणि लवकर दाद मिळावी हा त्याचा हेतू होता. वैद्यकीय सेवा या कायद्याच्या कक्षेत येते की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या प्रकरणात मिटवला. येते, असे न्यायालयाने सांगितले. आणि त्या निर्णयाने हजारो रुग्णांना एक दार उघडून दिले, हे निःसंशय. परंतु त्याच निर्णयात इस्पितळांचे तीन वर्ग पाडले गेले. जेथे सर्वांकडून शुल्क घेतले जाते ती इस्पितळे कायद्याच्या कक्षेत. जेथे काहींकडून शुल्क घेतले जाते आणि गरिबांना मोफत उपचार मिळतात तीही कक्षेत, आणि तेथील मोफत रुग्णसुद्धा ग्राहक. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ती मात्र कक्षेबाहेर. केसपेपरसाठी घेतलेल्या नाममात्र रकमेने यात फरक पडत नाही. २०१९ साली जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला, पण मोफत सेवा वगळण्याचे तत्त्व त्यातही कायम राहिले.

या वर्गवारीचा सामाजिक अर्थ काय होतो तो पाहावा. शेजारच्या खाटेवर पैसे भरणारा कोणी असेल तर त्याच्या पावतीच्या आडोशाने गरीब माणूसही ग्राहक ठरतो. सगळाच वॉर्ड गरिबांचा असेल तर कोणीच ग्राहक नाही. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या इस्पितळांत तपासणी आणि उपचार निःशुल्क केले. निर्णय स्वागतार्हच आहे, कारण आरोग्यसेवा मोफत असावी ही आपली जुनी मागणी. परंतु कायदा आहे तसाच राहिला तर मोफत सेवेचा विस्तार म्हणजे दाद मागता न येणाऱ्यांच्या संख्येचा विस्तार, अशी विचित्र अवस्था होते.

सरकारी इस्पितळ लोकांच्या करातून चालते, तेव्हा कर हाच मोबदला मानावा, असा युक्तिवाद १९९५ च्या प्रकरणात झाला होता. न्यायालयाने तो फेटाळला. कर हा सार्वजनिक प्रयोजनासाठी द्यावयाचा असतो, विशिष्ट सेवेचा मोबदला म्हणून नव्हे, असे न्यायालय म्हणाले. मी पस्तीस वर्षे वर्गात कर आणि शुल्क यांतील हाच भेद शिकवत आलो. तेव्हा अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या विधानाशी भांडता येत नाही. हमाल मिठापासून मोबाइलपर्यंत प्रत्येक खरेदीत अप्रत्यक्ष कर भरतो हे खरे. तरी त्या कराला इस्पितळाची किंमत म्हणणे शास्त्राला धरून नाही. माझे भांडण वेगळ्या जागी आहे. ज्याने किंमत दिली त्यालाच निष्काळजीपणाबद्दल सुलभ दाद मागता यावी, हे गृहीतकच मला मान्य नाही. विकत घेणारा म्हणून माणसाला जे मिळते ते नागरिक म्हणून का मिळू नये?

दिवाणी दाव्याची वाट

यावर उत्तर दिले जाते की ग्राहक न्यायालय बंद असले तरी दिवाणी न्यायालय सर्वांना खुले आहे. ते खुले आहे, पण तेथपर्यंतची वाट किती लांब आहे याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातीलच देतो.

१९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला उपचारांसाठी पुण्यास आणण्यात आले. तेथे एका शल्यविशारदाने पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवण्याचा प्रयत्न केला, असा निष्कर्ष पुढे न्यायालयांनी काढला. तरुण त्याच दिवशी दगावला. आईबापांनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल त्यांच्या बाजूने १९६८ साली लागला. पंधरा वर्षांच्या कज्ज्याअखेर भरपाई होती ३,००० रुपये.

दुसरे उदाहरण सरकारी इस्पितळाचे आहे. १९६३ च्या जुलैत तेव्हाच्या औरंगाबादेत एक स्त्री प्रसूतीसाठी दाखल झाली. प्रसूतीनंतर तिच्यावर नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि त्या वेळी रक्त टिपण्याचे कापड पोटातच राहिले. पोट पुन्हा उघडून ते काढण्यात आले, पण काही दिवसांत ती स्त्री मरण पावली. कनिष्ठ न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई दिली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. शासनाच्या इस्पितळातील अशा कृत्याला शासन जबाबदार धरता येत नाही, असा विचार त्यामागे होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली तो निर्णय फिरवला. इस्पितळ चालवणे हे कल्याणकारी कार्य आहे, ते काही राज्याच्या सार्वभौम सत्तेचे कृत्य नव्हे. तेव्हा नोकराच्या हलगर्जीपणाची जबाबदारी शासनाला टाळता येणार नाही, हे तत्त्व तेथे ठामपणे सांगितले गेले. तत्त्व मोलाचे आहे. पण पोटात कापड राहिले ही गोष्ट स्वतःच बोलत असतानाही ते वदवून घ्यायला जवळजवळ तेहेतीस वर्षे लागली. त्या वेळी जन्मलेले मूल निकालाच्या दिवशी बत्तीस वर्षांचे झालेले असणार.

आणि ही उघड प्रकरणे झाली. हमालाच्या मुलाचे प्रकरण तसे नव्हते. तेथे प्लास्टर घट्ट होते काय, तक्रार नोंदली गेली काय, ते वेळीच कापले असते तर पाय वाचला असता काय, हे डॉक्टरनेच डॉक्टरविरुद्ध सांगावे लागते. फौजदारी तक्रारींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली असे मार्गदर्शन केले की, पोलिसांनी आधी त्या शाखेतील निष्पक्ष डॉक्टरचे मत घ्यावे, शक्यतो सरकारी सेवेतील डॉक्टरचे. डॉक्टरांना खोट्या तक्रारींपासून संरक्षण मिळावे हा उद्देश समजण्यासारखा आहे. परंतु जेथे आरोपी सरकारी इस्पितळ आहे तेथे मत देणाराही त्याच व्यवस्थेतला असतो. अशा वेळी निष्पक्षपणाची अपेक्षा व्यक्तीच्या मोठेपणावर सोडावी लागते.

माणसाची किंमत

समजा, या साऱ्या अडचणी ओलांडून कोणी निकालापर्यंत पोहोचला. भरपाई किती मिळावी? मोटार अपघातांच्या दाव्यांत रूढ झालेली पद्धत अशी की, मृताचे वार्षिक उत्पन्न घ्यायचे, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने त्याला गुणायचे. हिशेब म्हणून पद्धत सुटसुटीत आहे. पण तिचा परिणाम असा की, जिवंतपणी उत्पन्नात जी विषमता होती ती मृत्यूनंतर अनेक पटींनी गुणली जाते. वैद्यकीय प्रकरणांत हे गुणकाचे सूत्र यांत्रिकपणे लावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले. त्या प्रकरणात कोलकात्यातील उपचारांनंतर १९९८ साली मृत्यू पावलेल्या, अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका स्त्रीच्या पतीला सुमारे ५ कोटी ९६ लाख रुपये आणि त्यावरील व्याज मंजूर झाले. त्या पतीने पंधरा वर्षे जिद्दीने लढा दिला. त्याच्या भरपाईबद्दल असूया बाळगण्याचे काहीच कारण नाही.

तरी त्या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. हरियाणातील एका मजूर स्त्रीची सात मुले झाल्यावर १९८८ साली सरकारी इस्पितळात नसबंदी झाली. दोन बीजवाहिन्यांपैकी एकच बंद केली गेली आणि तिला आठवे अपत्य झाले. तिचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००० साली मान्य केला. रक्कम होती ५४,००० रुपये. काळ आणि प्रकरणाचे स्वरूप वेगळे आहे हे मी जाणतो, आणि दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करण्याचा माझा हेतू नाही. मुद्दा असा की, बाजाराने माणसाला जो दर लावला तोच दर न्यायालयाच्या दारातही त्याचा पाठलाग करतो. शेतमजूर स्त्रीचा हात, गृहिणीचे गर्भाशय, बेकार तरुणाचा पाय यांचे 'उत्पन्न' दाखवणारा दाखला कोणत्या तहसील कचेरीतून आणायचा?

खर्च कोणाच्या खाती?

अपघातांच्या अर्थशास्त्रावर गिडो कालाब्रेसी यांचा ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला. त्यातील एक विचार येथे उपयोगी पडतो. अपघात टाळणे ज्याला सर्वांत कमी खर्चात शक्य असते त्याच्यावर अपघाताचा भार टाकावा. म्हणजे तो टाळण्याची प्रेरणा योग्य ठिकाणी निर्माण होते. हमालाच्या मुलाचा पाय कमीत कमी खर्चात कोणाला वाचवता आला असता? रात्रपाळीला आणखी एक डॉक्टर आणि दोन परिचारिका नेमणाऱ्याला. म्हणजे शासनाला.

परंतु आजच्या व्यवस्थेत शासनाला त्या पायाचा एक पैसाही खर्च येत नाही. रिक्त पद भरले नाही म्हणून वाचलेला पगार अंदाजपत्रकात बचत म्हणून दिसतो. त्या रिक्त पदामुळे गेलेला पाय अंदाजपत्रकात कोठेच दिसत नाही. तो हमालाच्या घरात, बायकोने विकलेल्या मंगळसूत्रात आणि धाकट्या मुलीने सोडलेल्या शाळेत जमा होतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ साली, म्हणजे महामारीच्या काळातही, ते प्रमाण १.८४ टक्के होते. हा तुटवडा कोणीतरी भरून काढत असतोच. तो रुग्ण आपल्या शरीराने भरतात.

म्हणूनच एखाद्या निवासी डॉक्टरला गुन्हेगार ठरवून हा प्रश्न सुटत नाही. सलग पाळ्या करणारा तो तरुण हाही एक श्रमिकच आहे. मृत्यूनंतर संतापलेला जमाव त्याच्या अंगावर धावून जातो तेव्हा खरा जबाबदार मंत्रालयात सुखरूप असतो. आपल्यापैकीही काहींनी अशा घेरावात भाग घेतला आहे; त्यांनी याचा विचार करावा. निष्काळजीपणा हातून होतो तसा फायलीतूनही होतो. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगापुढे जे उघड झाले ते एका डॉक्टरच्या चुकीपुरते नव्हते. औषधांची खरेदी, तपासणी, अन्न व औषध प्रशासन आणि थेट आरोग्यमंत्र्यांपर्यंत पोहोचणारी ती साखळी होती.

शासन काहीच देत नाही असे नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागून दहा अर्भके मरण पावली, तेव्हा राज्य शासनाने प्रत्येकी पाच लाख रुपयांची मदत जाहीर केली. अशा मदतीला सरकारी भाषेत 'सानुग्रह अनुदान' म्हणतात. शब्दच सारे सांगतो. अनुग्रह देव करतो, गुरू करतो, राजा करतो. ज्याच्यावर तो होतो त्याने हात जोडायचे असतात. घटना मोठी असेल, कॅमेरे आले असतील, अधिवेशन जवळ असेल तर अनुग्रह होतो. एकट्या पायासाठी तो होत नाही. लोकशाहीत नागरिकाला झालेल्या इजेची भरपाई राजाच्या मर्जीवर राहते, हे आपण इतकी वर्षे कसे सहन केले?

दोष सिद्ध न करता भरपाई

मग करावे काय? सरकारी रुग्णालाही ग्राहक ठरवावे, ही एक सोपी मागणी आहे, आणि तातडीचा उपाय म्हणून तिला माझा विरोध नाही. पण केवळ तेवढ्याने तज्ज्ञाची साक्ष, लांबलेली सुनावणी आणि उत्पन्नावरचा हिशेब या अडचणी संपत नाहीत. मूलगामी उपाय वेगळा आहे, आणि तो आपल्याच कायद्यांत विखुरलेला आहे.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने, म्हणजे इंग्रजी अमलातच, हे मान्य केले की कामावर इजा झालेल्या कामगाराने मालकाचा दोष सिद्ध करण्याची गरज नाही. इजा कामामुळे झाली एवढे पुरे. १९८२ साली मोटार अपघातांच्या कायद्यात दोष न शोधता ठरावीक रक्कम देण्याची तरतूद आली. आणि वैद्यकीय क्षेत्रातही हे घडलेले आहे. नसबंदीनंतर मृत्यू, गुंतागुंत किंवा अपयश आल्यास ठरावीक भरपाई देणारी योजना सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्र शासनाने २००५ साली सुरू केली. तेथे डॉक्टरचा दोष सिद्ध करावा लागत नाही. तिच्या रकमा तोकड्या आहेत, आणि तिने शिबिरांतील बेपर्वाई थांबली नाही हे २०१४ साली बिलासपुरात दिसले. एका शल्यविशारदाने एका दिवसात ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यानंतर तेरा स्त्रिया दगावल्या. तरीही तत्त्व मान्य झाले हे महत्त्वाचे. ज्या शस्त्रक्रियेची शासनाला स्वतःला गरज होती तेथे ते मान्य झाले; ज्या उपचाराची गरज केवळ रुग्णाला आहे तेथे ते का होऊ नये?

न्यूझीलंडने हे तत्त्व देशव्यापी केले. न्यायमूर्ती वुडहाउस यांच्या आयोगाने १९६७ साली शिफारस केली, १९७२ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९७४ पासून अपघाताने इजा झालेल्या प्रत्येकाला, दोष कोणाचा हे न पाहता, उपचार, पुनर्वसन आणि बुडालेल्या कमाईचा हिस्सा मिळू लागला. उपचारांतून झालेली इजाही त्यात येते. मोबदल्यात भरपाईसाठी दावा लावण्याचा हक्क तेथील नागरिकांनी सोडला. आपण तो सोडू नये असे मला वाटते, कारण आपल्याकडे शासनाला उत्तरदायी करण्याची साधने मुळातच थोडी आहेत. शिवाय तेथील साप्ताहिक भरपाई कमाईच्या ऐंशी टक्के असते. म्हणजे ज्याची कमाई कागदावर नाही तो तेथेही मागे राहतो. आपली योजना आपल्या परिस्थितीतून घडवावी लागेल.

तिची रूपरेषा मी अशी सुचवतो. शासकीय, महापालिकेच्या आणि धर्मादाय इस्पितळांतील उपचारांमुळे टाळता येण्याजोगी इजा झाल्यास राज्याने कायद्याने स्थापलेल्या निधीतून भरपाई मिळावी. मूळ रक्कम सर्वांना सारखी असावी. उत्पन्नाचा दाखला मागू नये. पुढचे उपचार, कृत्रिम अवयव आणि शिक्षण यांचा खर्च त्याव्यतिरिक्त असावा. जिल्हा पातळीवर सहा महिन्यांत निर्णय व्हावा आणि निर्णय देणाऱ्या मंडळात आरोग्य खात्याबाहेरच्या डॉक्टरांचे व नागरिकांचे प्रतिनिधी असावेत. प्रत्येक रक्कम संबंधित इस्पितळाच्या नावे खर्ची पडावी आणि वर्षाअखेर विधिमंडळापुढे यावी. गेलेला पाय अंदाजपत्रकात दिसू लागला म्हणजे रिक्त पद ही बचत राहणार नाही.

यावर आक्षेप येईल की, आधीच दरिद्री असलेली सरकारी इस्पितळे या भाराने मोडतील आणि खासगीकरणवाल्यांचे फावेल. ही भीती मी हलक्याने घेत नाही. परंतु हा खर्च नवा नाही. तो आजही होतो. फक्त तो सर्वांत दुबळ्या कुटुंबावर पडतो. तो सर्व समाजात वाटून घेणे यालाच आपण समाजवाद म्हणत आलो. सार्वजनिक इस्पितळावरचा विश्वास तेथील चुका झाकून वाढणार नाही. चूक झाली तर ही संस्था आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही, ही खात्री गरिबाला वाटली तरच तो कर्ज काढून खासगी दवाखान्याकडे धावणार नाही.

या मागणीला घटनेचाही आधार आहे. १९९२ च्या जुलैत पश्चिम बंगालमधील खेत मजदूर समितीचा एक सभासद रेल्वेतून पडून जबर जखमी झाला. एकामागून एक सरकारी इस्पितळांनी त्याला खाट नाही म्हणून परत पाठवले. अखेर खासगी इस्पितळात सुमारे १७,००० रुपये खर्चून त्याच्यावर उपचार झाले. समितीने दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हा जीविताच्या हक्काचा भंग ठरवून २५,००० रुपयांची भरपाई दिली आणि पैशाची चणचण ही राज्याची सबब होऊ शकत नाही असे बजावले. या प्रकरणात कोणी पावती विचारली नाही, आणि ते न्यायालयात नेले शेतमजुरांच्या संघटनेने. आपल्यासाठी धडा तेथेच आहे.

कार्यकर्त्यांसाठी

कायदा बदलेपर्यंत हातात जे आहे ते वापरले पाहिजे. इजा झाली की सर्वप्रथम कागद मिळवावेत. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आणि आजही लागू असलेल्या नियमांनुसार रुग्णाने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास उपचारांची कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. अर्ज लेखी करावा आणि पोच घ्यावी. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदनाचा आग्रह धरावा. दुःखाच्या वेळी हे सांगणे कठीण असते, पण तो पुरावा पुन्हा मिळत नाही. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. प्रकरण कोठेही न्यायचे असले तरी हीच मर्यादा मनाशी धरून धावपळ करावी.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्याच कायद्यात स्थायी लोकअदालतीची तरतूद आहे आणि 'सार्वजनिक उपयुक्तता सेवा' या व्याख्येत इस्पितळ व दवाखाना यांतील सेवा स्पष्टपणे समाविष्ट आहे. त्या व्याख्येत मोबदल्याची अट नाही. न्यायशुल्क लागत नाही, आणि तडजोड झाली नाही तर एक कोटी रुपयांपर्यंतच्या मागणीवर ही अदालत निर्णयही देऊ शकते. अर्ज मात्र दुसऱ्या न्यायालयात जाण्यापूर्वी करावा लागतो, आणि फौजदारी गुन्ह्याशी निगडित प्रकरणात तिच्या अधिकाराबद्दल वाद निघू शकतो. म्हणून आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत जाऊन सल्ला घ्यावा.

हे सारे मी आज लिहितो आहे. त्या दिवशी वकिलांचा जिना उतरताना मला यातले काहीही ठाऊक नव्हते. पाय गमावलेल्या मुलाला अपंग म्हणून मोफत वकील मिळू शकतो, स्थायी लोकअदालत नावाची एक जागा आहे, हे एका पदव्युत्तर अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला माहीत नव्हते. आणि कळले तेव्हा हमाल त्या विषयावर बोलायलाही तयार नव्हता. "झाले ते झाले, सर," म्हणाला. मुलगा आता रिक्षा थांब्याजवळ मोबाइलची कव्हरे विकतो. त्याला जयपूर फूट मिळाला, एका धर्मादाय शिबिरात. तोही फुकट.